बॅक प्रेशर : पाठदाब की प्रतिदाब?

प्रश्न : स्पोर्ट्स कारवरच्या एका मराठी लेखात बॅक प्रेशरसाठी 'पाठदाब' हा शब्द वाचला. एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर नेणारा पाइप) बदलून घेणारे म्हणतात, "मोठा पाइप टाकला, बॅक प्रेशर गेलं, आता गाडी खालून ओढत नाही." म्हणजे पाठदाब हा इंजिनाला मागून मिळणारा जोर असतो का? आणि हा शब्द योग्य आहे का?

उत्तर : 'पाठदाब' वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नातच त्याचं कारण आलं आहे. समासात 'पाठ' आली की मराठी कानाला बहुधा आधार ऐकू येतो. पाठबळ, पाठराखण, पाठिंबा. त्यामुळे पाठदाब म्हणताच कुणीतरी इंजिनाला मागून रेटतंय असं वाटतं. खरी गोष्ट अगदी विरुद्ध आहे.

जळालेला वायू मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांच्या नळ्या एकत्र आणणारा भाग), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायू कमी करणारा डबा), सायलेन्सर आणि मधली वळणं पार करून बाहेर पडतो. या वाटेतल्या अडथळ्यांमुळे इंजिनाच्या तोंडाशी वातावरणापेक्षा जास्त दाब साचतो, तो बॅक प्रेशर. पिस्टन वर येताना या दाबाशी झगडत वायू बाहेर ढकलतो, आणि त्यात खर्च झालेली ताकद चाकांना मिळत नाही. शिवाय थोडा जळका वायू सिलिंडरमध्येच उरतो आणि ताज्या मिश्रणाची जागा अडवतो. प्रतिकार, प्रतिरोध या शब्दांतला 'प्रति' इथे चपखल बसतो, म्हणून 'प्रतिदाब' म्हणावं. 'उलटदाब'ही कुठे कुठे दिसतो, पण त्यातून वायूच उलटा फिरतो असा समज होतो.

मग मोठा पाइप टाकल्यावर गाडी खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) मरगळते, हा अनुभव खोटा का? मुळीच नाही. त्याचं कारण तेवढं चुकीचं सांगितलं जातं. जाते ती वेगळीच गोष्ट, आणि तिला मराठीत फार सुंदर शब्द आहे : ओढ. नदीच्या पाण्याला ओढ असते म्हणतो, तीच.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून धावत सुटते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर असतो. पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा संपतो, तिथून ती लाट परत फिरते, पण परतताना तिचं रूप पालटलेलं असतं : गेली दाब घेऊन, आली कमी दाब घेऊन. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, पिस्टन वर असताना, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. समजा तो ६० अंशांचा आहे. ६००० आरपीएमला एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो, म्हणजे हा ओव्हरलॅप सेकंदाच्या सहाशेव्या भागाएवढा. तेवढ्यात ती कमी दाबाची लाट दारात पोचली, तर जळका वायू ओढून नेते आणि त्याच्यामागोमाग ताजं मिश्रण आत खेचते. बाहेर धावणाऱ्या वायूचा स्वतःचा वेगही याच कामी येतो.

नळी गरजेपेक्षा रुंद केली की कमी आरपीएमला वायूचा वेग पडतो, लाट क्षीण होते. लांबी बदलली की ती अवेळी येते. म्हणजे प्रतिदाब कमी झाला हे खरं, पण गाडी मरगळली ती ओढ तुटल्यामुळे. नाहीतर सायलेन्सरच्या तोंडाला बोळा कोंबून टॉर्क वाढला असता! हेडर, म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी बसवायचा सुट्या नळ्यांचा जुडगा, निवडतानाही हाच हिशेब असतो. चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात मिळवल्या की सहसा मधल्या आरपीएमला जोर मिळतो. चारही एकदम एकात मिळवल्या की वरच्या आरपीएमला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत आणखी एक भानगड होई : मोकळ्या एक्झॉस्टमुळे हवेचं प्रमाण बदलून मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) व्हायचं, गाडी मिस मारायची, आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट बदलायचं सोडून दोष बॅक प्रेशरवर जायचा.

टर्बो गाडीत तर शब्द आणखी जपून वापरावा लागतो. टर्बोचं टर्बाइन, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारं चक्र, स्वतःच वाटेतला अडथळा असतं, त्यामुळे त्याच्या अलीकडचा, इंजिनाकडचा, प्रतिदाब टाळता येत नाही. पलीकडचा मात्र जितका कमी तितकं बरं, कारण टर्बाइन फिरतं ते दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर. म्हणून तिथे मोठ्या डाउनपाइपने (टर्बाइननंतरच्या पाइपने) टर्बो लवकर जागा होतो. 'बॅक प्रेशर कमी केलं' एवढंच लिहिलं तर कुठल्या बाजूचं, हे कळत नाही.

टू-स्ट्रोकच्या फुगीर एक्झॉस्टमध्ये परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. तिथे मागून रेटा खरोखर मिळतो, पण तोही वेळ साधून आलेल्या लाटेचा. साचलेल्या दाबाचा नव्हे. त्याला 'परतीची लाट' म्हणावं.

लिहिताना प्रतिदाब साचतो, वाढतो, घटतो. ओढ लागते, मंदावते, तुटते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून तुंबला, गाडी सुरू होते पण वर आरपीएम चढेनात, तर तो शुद्ध प्रतिदाब. कन्व्हर्टरच्या अलीकडच्या, इंजिनाकडच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाब मोजणारा गेज लावला की तो काट्यावर दिसतोसुद्धा.