माळ्यावरचं उदमांजर

प्रश्न : कौलारू घराच्या माळ्यावर उदमांजराची तीन पिल्लं आहेत. खाली आणून दूध पाजू का?

उत्तर : नको! गाईच्या दुधाने त्यांना हगवण लागते, पिल्लू दगावतं. आई दिवसा झोपते, रात्री फळं, उंदीर, किडे शोधत फिरते; ती परतेलच. तिचं ये-जा करायचं भोक आत्ता बुजवलंत तर पिल्लं उपाशी मरतील, आई कौलं उचकटेल. दोनेक महिने कळ काढा. मग भोकापाशी पीठ भुरभुरवा. लागोपाठ तीन रात्री ठसे नसतील आणि माळा रिकामा दिसला, तरच जाळी ठोका. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते पाळता येत नाही.