आधी रेषा, मग पक्षी

नौपाडा, ठाणे

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार प्रश्न विचारलेस. फ्लेमिंगोचा गुलाबी कसा मिसळायचा, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रासाठी कर्ज काढावं का, कोरीवकाम सहारनपूरहून करून आणून इथे नुसतं रंगवावं का, आणि देव्हाऱ्यावरच्या राघूची चोच कशाने तुटली. शेवटचा प्रश्न एका ओळीत उरकलास. मला तो पहिला हवा होता, कारण बाकी तिन्हींची उत्तरं त्या तुटक्या चोचीत आहेत.

फोटो मोठा करून पाहिला. कडेची फळी उभी, रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, वरून खाली जाणारी, आणि चोच तिला आडवी. जेमतेम ६ मिमी जाडीची चोच. तिच्यात तंतू लांबीने धावतच नाहीत, चकत्या एकीवर एक ठेवाव्यात तसे आडवे तुटक तुकडे आहेत. पुसताना कापडाचा धक्का लागला तरी ती जाणारच होती. गिऱ्हाइकाच्या मुलाला बोल लावू नकोस, गोंदालाही नको. आधी रेषा बघायची, मग पक्षी काढायचा. तू पक्षी आधी काढलास.

रेषा बघणं म्हणजे फळीवर नुसती नजर फिरवणं नव्हे. फळी आली की पहिल्यांदा तिचं टोक बघ, कापलेला काठ. तिथे वर्षाची कडी दिसतात. कडी फळीच्या पृष्ठाला समांतर पडली असतील तर तो आडवा चीर, उभी असतील तर उभा चीर. आडव्या चिराची फळी रुंदीत साधारण दुप्पट हलते आणि वाटीसारखी वाकते. मग रंध्याचा एक हलका हात मार. गुळगुळीत जातो ती सुलट दिशा, तंतू उपटतात ती उलट. खडूने बाण काढ. तसाच बाण ट्रेसिंग पेपरवरच्या चित्रावरही काढ, आणि दोन्ही बाण जुळल्याशिवाय कार्बन पेपर हातात घेऊ नकोस. हा बाण काम संपेपर्यंत फळीच्या पाठीवर राहिला पाहिजे.

आता राघू. कडेच्या उभ्या फळीवर बसवायचाच असेल तर मान खाली वळव, म्हणजे चोच रेषेबरोबर येईल. मान वळवायची नसेल तर चोचीला टेकू दे. जुन्या कोरीवकामात राघूच्या चोचीत कैरी किंवा कळी असते, किंवा चोचीचं टोक वेलीच्या पानाला टेकलेलं असतं. दिसायला ती शोभा आहे, पण हातात पटाशी असलेल्याने तिथे टेकू बघावा. चोच हवेत सुटी राहत नाही, म्हणून तुटत नाही. आणि बोटं नीट मोज. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे. तू तीन पुढे काढलीस, ती चिमणीची. गळ्यातला काळा-गुलाबी कंठ फक्त वयात आलेल्या नराला असतो. जोडी काढलीस तर दोघांच्या गळ्यात कंठ घालू नकोस.

मोराचं थोडक्यात सांगतो. पिसारा म्हणजे शेपटी नव्हे. खरी शेपटी आखूड, तपकिरी, पिसाऱ्याखाली लपलेली. पिसारा मिटलेला मोर पलंगाच्या किंवा सोफ्याच्या आडव्या पाठीवर छान बसतो, कारण पिसारा, पाठ आणि चोच तिन्ही रेषेबरोबर जातात. पाय तेवढे आडवे येतात. ते कमळाच्या पानाआड घे. तुऱ्याच्या काड्या जमिनीपासून, म्हणजे नक्षीमागच्या सपाट भागापासून, सोडवू नकोस, उठावातच ठेव. देव्हाऱ्याच्या महिरपीवर समोरासमोर दोन मोर बसवतेस, तिथे महिरप एकाच रुंद फळीतून कापू नकोस. कमानीच्या माथ्यावर रेषा तुटते आणि पहिल्या हिवाळ्यात तिथेच चीर जाते. दोन तुकडे कर, प्रत्येकाची रेषा कमानीच्या उताराने ने, सांधा मध्यावर घे आणि त्यावर कलश किंवा कमळ बसव.

पाम बीच रोडवरच्या गिऱ्हाइकाच्या फ्लेमिंगोवाल्या कपाटाकडे येतो. गिऱ्हाइकाने पाठवलेलं चित्र बाजूला ठेव. तू ऐरोलीला राहतेस. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, आणि तुझ्या घरापासून जैवविविधता केंद्र किती लांब आहे? पक्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत इथेच असतात. जा, बघ. रोहित म्हणजे फ्लेमिंगोच. आपल्या खाडीत जास्त संख्या छोट्या रोहितची, त्याची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. चित्रातल्या पक्ष्याचं शरीर एकाचं आणि चोच दुसऱ्याची आहे. पायाचा जो सांधा मागे वाकतो त्याला तू गुडघा समजून गोल केलास. तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मानेचे मणके लांब, म्हणून मान पाइपासारखी गोल वळत नाही, किंचित कोनाकोनाने वळते. हे कोन पटाशीने नीट येतात, पॉलिश पेपरने घासलेस की मेले.

तुझं दार ४५० बाय ९०० मिमी, पॅनलची रेषा उभी. लांब पाय उभे, म्हणजे रेषेबरोबर. हे तुझ्या नशिबाने जमलं आहे. पण इंग्रजी एस सारखी मान वर आणि खाली दोन ठिकाणी आडवी जाते, आणि तिथेच ती तुटेल. तर आधी रेषा: दोन पक्षी मान खाली घालून चारा टिपणारे काढ. मान सरळ खाली येते, चोच पायांजवळ जाते, फक्त वरच्या वळणावर रेषा तुटते, आणि तिथे उठाव कमी ठेवून खालून पोखरायचं नाही. तिसरा पक्षी मान पाठीवर टाकून झोपलेला असू दे, मान शरीराला चिकटलेली राहील. मागे एक-दोन राखाडी पिल्लं ठेव. पिल्लं गुलाबी नसतात, तो रंग पुढे खाण्यातून येतो. हँडल म्हणून पक्ष्याची मान वापरायची कल्पना सोडून दे. रोज वीसदा ओढली जाणारी वस्तू आडव्या रेषेवर टिकत नाही.

लाकूड. रंगच लावणार असशील तर सागवान कशाला? सागात तेल असतं, त्यावर ऑइल पेंट वेळेवर वाळत नाही, आणि त्यातली सिलिका पटाशीची धार खाते. शिवण घे. फिकट, हलकी, कमी हलणारी, पटाशीखाली मऊ जाते. आंबा स्वस्त पडतो, पण त्यावर निळी बुरशी येते आणि भुंगा लागतो. घ्यायचाच तर बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणातून काढलेला घे. आणि काश्मिरी अक्रोडासारखं खोल पोखरलेलं काम सागाकडून किंवा आंब्याकडून मागू नकोस. अक्रोडाचा पोत घट्ट आहे, म्हणून ते तिथे जमतं.

गिऱ्हाईक जोधपूरच्या रंगीत कपाटाचे फोटो दाखवतात. ते कपाट कोरड्या हवेत ८ टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावर जोडलेलं असतं. नवी मुंबईच्या जुलैत तेच लाकूड १४ टक्क्यांपर्यंत जातं. आडव्या चिराची ४०० मिमी फळी त्यात ४ ते ५ मिमी फुगते. मग दार अडकतं आणि सुतार ते तासून देतो. हिवाळ्यात फट पडते. दोष जोधपूरच्या कारागिराचा नाही, तो त्याच्या हवेसाठी बरोबर करतो. तुझं लाकूड तुझ्याच खोलीत पट्ट्या घालून तीन-चार आठवडे पडू दे, मीटरने १२ ते १४ टक्के बघ, मग कापायला घे. पॅनल तीन फळ्या जोडून कर, तिन्हींचे बाण एकाच दिशेला. चौकटीची खाच १२ मिमी खोल, पॅनलची जीभ ८ मिमी आत, दोन्ही बाजूंना ४-४ मिमी मोकळे. खाचेत गोंद नाही. वर आणि खाली मधोमध एकेक बारीक खिळा, बस. पावसाळ्यात जोडत असशील तर लाकूड आधीच फुगलेलं आहे, मोकळी जागा निम्मी पुरे.

आता यंत्र. ऐक, आणि रागावू नकोस. यंत्राला रेषा दिसत नाही. त्याला उंचीचा नकाशा दिला की ते सुलट-उलट सगळीकडे सारखंच धावतं. उलट्या जागी तंतू उपटतात, मग घासावं लागतं, घासलं की पिसांची कड गोल होते. गोल टोकाच्या बिटने आतला कोपरा कधीच तीक्ष्ण निघत नाही, म्हणून यंत्रावरचे सगळे मोर एकाच साबणात बनवल्यासारखे दिसतात. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीत, रेषाच नाही, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. पण कोरलं की आतला भुसभुशीत थर उघडा पडतो आणि दोन पावसाळ्यांत फुगतो. जमीन उतरवण्यापुरतं कुणाच्या यंत्रावर भाड्याने काम करून घे, माझी हरकत नाही. कर्ज काढू नकोस. सहारनपूरचे हात उत्तम आहेत, पण ते शिसमावर बसलेले आहेत. आणि तिथून आलेल्या फळीची रेषा तू निवडलेली नसते. मग चोच तुटली की जबाब तू देणार, कारण माहीत नसताना.

लोक मला हट्टी म्हणतात. दोन दारांना मी सहा आठवडे मागतो, दसऱ्याची तारीख देत नाही, आणि गिऱ्हाइकं जातात. जाऊ देत. रेषा मला उशिरा कळली. त्याआधी केलेली कामं अजून लोकांच्या घरांत उभी आहेत आणि त्यांची मला लाज वाटते. तुला माझ्याएवढा उशीर होऊ नये, म्हणून आवाज चढतो. गुजरातेतल्या संखेड्याचं फर्निचर बघ. खरादावर उतरवलेला प्रत्येक पाय, प्रत्येक दांडा, रेषा लांबीने जाणारी. नक्षी सगळी रंगात. म्हणून ते टिकतं. आधी रेषा.

कोरण्याचा क्रम चुकवतेस तेही सांगतो. २५ मिमी फळीत जमीन ८ ते १० मिमीच उतरव. बाह्यरेषेवर थेट उभी पटाशी ठोकू नकोस. दोन मिमी बाहेरून काप घे, जमीन साफ कर, मग रेषेवर ये. नाहीतर कड चिरडते. आधी शरीराचा गोळा, मग पंख, मग शेपटी, पिसं त्यानंतर, डोळा आणि चोच सगळ्यात शेवटी. चोचीची फट डोळ्याच्या खाली जाऊन थांबते. पिसांचे काप रेषेच्या सुलट बाजूने, म्हणजे पंखाच्या दोन बाजूंना तुला फळी फिरवावी लागेल. कंटाळा करू नकोस. पॉलिश पेपर लावलेल्या जागी पुन्हा पटाशी घालू नकोस, अडकलेले कण धार मारतात. धारेचा कोन २० ते २५ अंश, आणि दर अर्ध्या तासाला चामड्यावर चार हात.

गुलाबी रंग. लाकूड तयार असेल तर हे सोपं आहे. स्पिरिटने पुसून घे, चपडी लाखेचा पातळ हात दे, लिटरभर स्पिरिटला दीडशे ग्रॅम पुरे. लाख ताजी भिजव, जुनी वाळत नाही. भर पावसात लावलीस तर पांढरी धरते, तेव्हा कोरडा दिवस बघ. मग प्रायमरचे दोन पातळ हात. पिसांत पुट्टी भरू नकोस, कोरलेलं बुजवायचं होतं तर कोरलं कशाला? अ‍ॅक्रिलिक रंग घे. डब्यावर शिशाची मर्यादा बघ, नियमाने ९० पीपीएमच्या आत हवी. हिंगूळ, हरताळ आणि शिशाचा सफेदा जुन्या कामात होते, तुझ्या घरात नकोत. रोहितला आधी उबदार पांढरा, त्यावर गेरूत किंचित लाल मिसळून पाण्यासारखे तीन-चार हात. पंखाच्या वरच्या पिसांवर गडद. काळी उड्डाणपिसं मिटलेल्या पंखात जेमतेम डोकावतात, तेवढीच दाखव. मोराला उलटं, आधी काळपट, वर निळा-हिरवा पातळ. रेघांना शून्य नंबरचा सिंथेटिक ब्रश. मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी देऊ केला तर घेऊ नकोस, तो कायद्याने गुन्हा आहे.

पॅनल चौकटीत बसवण्याआधी पूर्ण रंगव, जिभेसकट. नाहीतर हिवाळ्यात लाकूड आक्रसलं की कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी दिसते. पाठीमागेही पुढे दिले तेवढेच हात दे. एक बाजू बंद आणि एक उघडी राहिली की पॅनल वाकतं, मग रेषा कितीही नीट निवडलेली असो.

राघू फेकू नकोस. तुटलेली जागा पटाशीने सपाट कर. त्याच लाकडाचा ठोकळा घे, रेषा चोचीच्या दिशेने. मध्ये ३ मिमीची बांबूची खुंटी, गोंद, शिकंजा, चोवीस तास. मग चोच तिथेच कोर, आधी कोरून चिकटवू नकोस. रंग लावण्याआधी फोटो पाठव, ठोकळ्यावरचा बाण दिसेल असा.

काका