बुटाची लेस

प्रिय पोरी,

शनिवारी हॉकीच्या सामन्यात तुझा शूटआउट हुकला, कुणीतरी त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि तू कोचना सांगून आलीस, यापुढे शूटआउटच्या यादीत माझं नाव घालू नका. आई म्हणाली, काकांशी बोल. त्यापेक्षा लिहितो. बोलायला लागलो की मी चिडतो.

तुझ्या भिंतीवर डच हॉकीपटू एलेन होग आहे. नेदरलँड्सच्या आम्स्टलव्हेनमध्ये वाढलेल्या हॉकीवेड्या मुलीच्या भिंतीवर ती असायचीच. फोटो लंडनचा आहे. २०१२ चा ऑलिंपिक उपांत्य सामना, न्यूझीलंडशी २-२ बरोबरी, म्हणून निकालासाठी शूटआउट. चेंडू २३ मीटरच्या रेषेवर, समोर एकटी गोलरक्षक, हाताशी आठ सेकंद. तिने गोल केला आणि नेदरलँड्स अंतिम फेरीत. ऑलिंपिक हॉकीत शूटआउटवर सामन्याचा निकाल लावणारी ती पहिलीच खेळाडू. पुढे सुवर्ण आलं. २०१४ मध्ये हेगला घरच्या मैदानावर विश्वचषक आला आणि त्याच वर्षी जगातली सर्वोत्तम खेळाडू हा मानही. लोकप्रियता ती हीच, जिच्यासाठी तू रात्री दोन-दोनपर्यंत फोन चाळतेस.

रिओचा फोटो मात्र तू लावलेला नाहीस. २०१६ चा अंतिम सामना, ब्रिटनशी ३-३, पुन्हा शूटआउट. समोर ब्रिटनची गोलरक्षक मॅडी हिंच, जी प्रत्येकीच्या सवयी वहीत टिपून ठेवायची. लंडनची तीच होग पुन्हा त्याच रेषेवर, आणि यावेळी चेंडू आत गेला नाही. चौघी गेल्या, चौघींचं अडलं. सलग तिसरं सुवर्ण हातचं गेलं. मला विचारशील तर लंडनपेक्षा तिचे हे आठ सेकंद मोठे. लंडनला तिला कुणी ओळखत नव्हतं असं नाही, पण रिओत गमावण्यासारखं कितीतरी जास्त होतं. तरी ती रेषेवर आली.

तू म्हणशील, त्यानंतर ती राष्ट्रीय संघातून थांबलीच ना! थांबली, तिशीत. पण रेषेवर पुन्हा जाऊन आल्यावर थांबली. तू पुन्हा जायच्या आधीच थांबते आहेस. एवढा साधा फरक तुला कळू नये?

'कोण घेणार?' असं विचारलं की हात वर कर. हुकला, तरी पुढच्या शनिवारी हात वर कर. व्हिडिओ फिरू दे. हात वर कर.

कॉलेजात असताना पुण्यात मुरमाच्या मैदानावर आम्हाला शेवटच्या मिनिटाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. कॅप्टनने वळून विचारलं, कोण घेणार? सराव रोज मीच करायचो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागलो. दुसऱ्याने घेतला, हुकवला, आणि वर्षभर बोलणी त्यानेच खाल्ली.

तुझे बाबा अजून चिडवतात मला त्यावरून. त्यांना सांग, लेस खरंच सुटली होती.

तुझा,
काका