तारे भरपूर, पण टीम सहावी: खेळाडू बघायचे की डावपेच?

भावा, तुझा प्रश्न वाचला. परभणी, नांदेड अन् बीडची तुम्ही पोरं मिळून फुटबॉल मॅनेजरमध्ये (फुटबॉल क्लब चालवायचा कॉम्प्युटर गेम) ऑनलाइन लीग खेळायलात. सगळ्यात जास्त ताऱ्यांचे खेळाडू तुझ्याकडं, तरी तू सहाव्या नंबरवर. नांदेडवाल्याची टीम कागदावर साधी, अन् तो वरती बसलाय. म्हणून तू विचारायलास की टॅलेंटला काही अर्थ आहे का, का सगळं डावपेचांवरच चालतं.

आधी ते तारे डोक्यातून काढ. कोच अन् स्काउट (खेळाडू हेरणारे) जे तारे दाखवतात ते तुझ्याच टीमच्या तुलनेत असतात. टीम कमजोर असली की साधा खेळाडूही चार ताऱ्यांचा दिसतो. गेमच्या पोटात प्रत्येकाची आजची क्षमता अन् पुढं जास्तीत जास्त कुठवर जाईल ती क्षमता, दोन्ही 200 पैकी आकड्यात लिहिलेल्या असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला दिसतात ते 1 ते 20 मधले गुण, अन् त्यांच्याही मागं काही झाकलेले गुण असतात: खेळातलं सातत्य, मोठ्या मॅचला टिकणं, दुखापतीची सवय. खरेदी करताना सगळे किंमत बघतात, हे कुणी तपासत नाही. कोचचा अहवाल नीट वाचला तर यातलं बरंच कळतं. (बाकी कमाल क्षमतेचा आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. चॅम्पियनशिप मॅनेजर 01/02 या अशाच जुन्या गेममध्ये चेर्नो सांबा हा पोरगा घेतला की गोलांचा पाऊस पडायचा. खऱ्या मैदानावर त्याची कारकीर्द तशी झाली नाही.)

आता तुझे डावपेच. तू गेगेनप्रेस (बॉल गेला की लगेच झडप घालून परत मिळवणं) लावलायस, बचावफळी पार वर चढवलीस, अन् दोन्ही सेंटर बॅकचा (मधल्या बचावपटूंचा) वेग 9 अन् 10. एक लांब पास मागं पडला की समोरच्याचा स्ट्रायकर गोलकीपरपुढं एकटा. प्रेस करायला स्टॅमिना, वर्क रेट (मैदानभर राबायची तयारी) अन् टीमवर्क लागतं. तुझे महागडे विंगर (कडेनं खेळणारे) ड्रिब्लिंगमध्ये 16 असतील, पण वर्क रेट 8 असला तर बॉल गेल्यावर ते जागेवरच उभे राहणार. म्हणजे पैसे तू एका खेळासाठी मोजलेस अन् त्यांच्याकडून खेळवायलास दुसराच. नांदेडवाल्यानं बहुतेक उलटं केलंय. आधी खेळायचं कसं ते ठरवलं, मग त्याला लागतील तेवढेच गुण विकत घेतले.

ग्रीसचं उदाहरण यासाठीच बघण्यासारखं आहे. 2004 च्या युरो स्पर्धेत ग्रीसचा कोच ओटो रेहागेलच्या टीमनं बाद फेरीत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक अन् पोर्तुगाल या तिघांना 1-0 नं हरवलं, अन् तिन्ही गोल हेडरनं (डोक्यानं मारून) झाले. लोक म्हणतात डावपेचांनी टॅलेंटला हरवलं. मला हे अर्धंच पटतं. उंच, हवेत भारी अन् माणसाला चिकटून राहणारे बचावपटू त्याच्याकडं होतेच, तेही टॅलेंटच आहे. त्यानं फक्त त्यांच्याकडून पोर्तुगालसारखा खेळ मागितला नाही.

पण डावपेच म्हणजे मॅचआधी फॉर्मेशनचे बाण इकडचे तिकडं करणं, असं धरून बसू नकोस. हे मला खरं कळलं ते हॅटट्रिक नावाच्या ऑनलाइन गेममध्ये. 1997 पासून चालू असलेला हा स्वीडिश गेम. त्यात बहुतेक सगळं मजकुरातच, त्यामुळं गावाकडच्या कमजोर नेटवरही चालतो. तिथं ट्रेनिंग एका वेळी एकाच कौशल्याचं होतं, अन् जो खेळाडू मॅचमध्ये ठरलेल्या जागेवर खेळला त्यालाच ते नीट मिळतं. प्लेमेकिंग (खेळ रचायचं कौशल्य) घेतलं तर तीन मधले मिडफिल्डर पूर्ण शिकतात, विंगर निम्मं. आठवड्यात लीगची एक अन् मधल्या वारी कप किंवा मैत्रीची एक मॅच, म्हणजे माणसं बदलून खेळवली तर सहा मिडफिल्डर घडवता येतात. सतरा वर्षांचं पोरगं भराभर शिकतं, तीस गाठलेला हळू. फुटबॉल मॅनेजरसारखी कमाल क्षमतेची झाकलेली भिंत तिथं नाही. म्हणून चार सीझनं एकच ट्रेनिंग चिकाटीनं धरणारा माणूस टॅलेंट तयार करतो, जास्तीचे खेळाडू विकतो अन् त्या पैशात बचाव उभा करतो. आपल्याकडच्या लातूर पॅटर्नसारखंच हे: तोच पेपर पुन्हा पुन्हा सोडवून घ्यायचा, कंटाळा येईपर्यंत.

अन् मॅचच्या दिवशीचे डावपेचही तिथं फुकट मिळत नाहीत. काउंटर अटॅक (बॉल हिसकावून झटपट उलटा हल्ला) लावला तर मिडफिल्डमध्ये तू कमी पडलास तरच तो चालतो, अन् त्याची धार जास्त करून बचावपटूंच्या पासिंगवर ठरते. बचावपटूंना पासिंग येत नसेल तर मिडफिल्ड हातचं सोडूनही पदरात काही पडत नाही. टीम स्पिरिटचंही, म्हणजे टीमच्या जोशाचंही, तसंच. एका मॅचला जीव तोडून खेळवलं की पुढचे कित्येक आठवडे ते स्पिरिट भरून काढावं लागतं. त्यामुळं कोणती मॅच सोडून द्यायची हे ठरवणं हा मला तिथला सगळ्यात मोठा डावपेच वाटतो.

टॉप इलेव्हन या मोबाइलवरच्या फुटबॉल गेमबद्दलही तू विचारलंस. तिथं खिशातले पैसे घालून टोकन (गेममधलं चलन) घेणारा पुढं जातो. वेळ घालवायला बरा आहे, पण या वादासाठी त्याचं उदाहरण देऊ नकोस.

तर तुझ्यासाठी. या सीझनमध्ये नवा खेळाडू घेऊ नकोस. बचावफळी एक पायरी खाली आण अन् प्रेस कमी कर. डावपेच बदलले की टीमला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून दोन मॅच हरलास तरी परत बदलू नकोस. तू दर आठवड्याला फॉर्मेशन बदलायलास, हे तूच लिहिलंयस, अन् मला तर अर्धं दुखणं तिथंच दिसतं. कमी वर्क रेटवाल्या विंगरपैकी एकाला विक, दुसऱ्याला शेवटच्या अर्ध्या तासात उतरव, समोरचे दमलेले असताना. आलेल्या पैशात वेग 14 च्या पुढचा सेंटर बॅक बघून ठेव, तारे दोन असले तरी चालतील, अन् तो पुढच्या सीझनला घे. नांदेडवाल्याशी मॅच पुढच्या आठवड्यात आहे म्हणतोस, त्याच्या कॉर्नरवर कोण उडी मारतो ते आधीच्या मॅचमध्ये बघ अन् तुझा सगळ्यात उंच माणूस त्यालाच चिकटव.

दोन्ही सेंटर बॅकच्या गुणांचा अन् कोचच्या अहवालाचा स्क्रीनशॉट टाक. पोझिशनिंग (योग्य जागी उभं राहणं) अन् अँटिसिपेशन (पुढचं आधीच ओळखणं) चांगलं असेल तर वेग कमी असूनही त्यातला एक ठेवता येईल.