पेरूचा ट्रेक कराच, पण आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : मी ५१ वर्षांची, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. मिस्टर ५३ वर्षांचे, खासगी कंपनीत, साठाव्या वर्षी निवृत्त होतील. पंचवीस वर्षं आम्ही दोघं सह्याद्रीत भटकतोय. अलंग-मदन-कुलंग झालं, नळीची वाट दोनदा झाली. आता पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत पेरूमधला इंका ट्रेल करून माचू पिक्चूला जायचं ठरवलंय. पॅकेज माणशी पावणेपाच लाख, दोघांचे साडेनऊ. परवाने संपतात म्हणून एजंट निम्मी रक्कम आत्ताच मागतोय, ती परत मिळणार नाही. आमच्याकडे १२ लाखांची एफडी आहे. बँकेतले आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) म्हणतात, एफडी मोडू नका, ९ लाखांचं पर्सनल लोन घ्या, साडेबारा टक्क्यांनी तीन वर्षांत फिटेल. स्मॉलकॅप फंडात (लहान कंपन्यांच्या शेअर्सचा म्युच्युअल फंड) ३ लाख आहेत, त्यांचे मेपर्यंत ४ व्हावेत. पुढच्या ट्रेकची काळजी नाही, कारण आरएमनीच मिस्टरांच्या नावे गॅरंटीड इन्कम प्लॅन काढून दिलाय. वर्षाला २ लाख, दहा वर्षं भरायचे, मग आजपासून बारा वर्षांनी सुरू होऊन वीस वर्षं दरवर्षी १ लाख ६० हजार आणि शेवटी २० लाख परत. पॉलिसीचे कागद ९ तारखेला आले. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ६५ हजार. घरखर्च ९५, गृहकर्जाचा हप्ता २८, एसआयपी १५ हजार. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, फी वर्षाला १ लाख ८०. प्रश्न एवढाच, की लोन घ्यावं की एफडी मोडावी?

उत्तर : ताई, लोन घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. आता तुम्ही जे विचारलंच नाहीत त्याकडे वळतो, कारण त्याला मुदत आहे आणि ती ट्रेकच्या आधी संपते.

कागद ९ तारखेला हातात आले. आज २४. आयुर्विमा पॉलिसी पसंत नसेल तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, याला फ्री-लुक म्हणतात. पूर्वी बहुतेकांना १५ दिवस मिळायचे, २०२४ च्या नियमांनी ते सगळ्यांना ३० झाले. आरएम तुम्हाला ‘मुदत गेली मॅडम’ असं सांगण्याची शक्यता आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. तुमचे पंधरा दिवस उरलेत. हे उत्तर इथे देण्याआधी मी तुम्हाला ईमेलनेही कळवलंय, ते एव्हाना वाचलं असेल अशी आशा.

पॉलिसी परत का करायची, ते बघू. आरएमनी कागदावर मांडून दाखवलं असेल : भरायचे २० लाख, मिळणार ३२ अधिक २०, म्हणजे ५२ लाख. शिवाय ‘वीस लाखांवर वर्षाला एक लाख साठ, म्हणजे आठ टक्के गॅरंटीड, तेही करमुक्त.’ करमुक्त हे खरं. आठ टक्के हे खोटं. पहिला हप्ता आज जातो आणि पहिला चेक बारा वर्षांनी येतो. मधल्या काळातलं व्याज कुठे गेलं? शेवटचे २० लाख तर आजपासून एकतीस वर्षांनी मिळणार. प्रत्येक पैसा कधी गेला आणि कधी आला ते धरून हिशोब केला, की परतावा पाच टक्क्यांच्या आसपास येतो. तोही किंचित आतच. पीपीएफ सध्या ७.१ टक्के देतं, तेही करमुक्त, आणि त्यासाठी कुणाला टार्गेट पूर्ण करावं लागत नाही.

आता महागाई. सहा टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. म्हणजे पहिला एक लाख साठचा चेक आजच्या ऐंशी हजारांचा. शेवटचा आजच्या सव्वीस हजारांचा. एकतिसाव्या वर्षीचे वीस लाख आजचे सव्वातीन लाख. तुम्ही या पैशांतून पुढचे परदेशी ट्रेक करणार म्हणता. पहिला चेक येईल तेव्हा यजमान ६५ वर्षांचे असतील, शेवटचा येईल तेव्हा ८४. इंका ट्रेलवर शेवटच्या मुक्कामाजवळ विन्याय वायना नावाचे अवशेष आहेत. तिथल्या क्वेचुआ भाषेत त्याचा अर्थ ‘सदा तरुण’. तुमच्या आरएमनी ही पॉलिसी बहुधा त्याच गृहीतकावर विकलीय.

याहून साधी गोष्ट तर कुणी बघितलीच नाही. यजमान साठाव्या वर्षी निवृत्त होणार. पहिला हप्ता त्रेपन्नाव्या वर्षी भरलात, दहावा बासष्टाव्या वर्षी येतो. शेवटचे तीन हप्ते, सहा लाख रुपये, पगार बंद झाल्यावर कुठून भरणार?

आणि आत्ता तरी कुठून भरणार? तुमचेच आकडे घेतो. १ लाख ६५ मधून ९५, २८ आणि १५ वजा केले की महिन्याला २७ हजार उरतात. वर्षाचे सव्वातीन लाख. त्यातून मुलाची फी गेली की १ लाख ४४ हजार. त्यातून दोन लाखांचा हप्ता जात नाही, छप्पन्न हजार कमीच पडतात. त्यावर लोनचा महिना तीस हजारांचा हप्ता चढवलात की वर्षाचा खड्डा चार लाखांच्या पुढे. एसआयपी पूर्ण बंद केलीत तरी दोन लाखांहून जास्त कमी पडतील. पहिला हप्ता बचत खात्यातून भरलात असं तुम्ही मूळ सविस्तर पत्रात लिहिलंय आणि आता तिथे चाळीस हजार उरलेत. घरात दोन कमावती माणसं, एक शिकणारा मुलगा, गृहकर्ज चालू आणि अडीअडचणीला चाळीस हजार! पाठीवरच्या सॅकमध्ये तुम्ही यापेक्षा जास्त तयारी ठेवत असाल.

पॉलिसी परत करायची ती अशी. आरएमला फोन करू नका, भेटू नका, मेसेजही नको. विमा कंपनीच्या नावे अर्ज लिहा, बँकेच्या नाही. पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, ‘फ्री-लुक कालावधीत पॉलिसी रद्द करत आहे’ हे वाक्य आणि कारण, म्हणजे आठ टक्के परतावा सांगण्यात आला तो कागदावर नाही. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक. कंपनीच्या शाखेत द्या आणि प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. तोच अर्ज त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा. पॉलिसी यजमानांच्या नावे आहे, त्यामुळे सही त्यांची. किरकोळ रक्कम कापून (तेवढ्या दिवसांचं विमा संरक्षण, मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च) बाकीचे पैसे परत येतात. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग ‘बीमा भरोसा’ पोर्टल, मग विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत लोकपालांची कार्यालयं आहेत.

मग फोन सुरू होतील. ‘निदान एक वर्ष चालू ठेवा’ हे वाक्य हमखास येईल. एक वर्ष चालू ठेवून सोडलीत तर दोन लाखांतला मोठा भाग गेला असं समजा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कंसात होती : यजमान रक्तदाबाची गोळी घेतात. पॉलिसीला जोडलेली प्रस्ताव अर्जाची प्रत उघडा आणि तिथे काय लिहिलंय ते बघा. आरएमनी अर्ज स्वतःच भरला असेल आणि विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनला ‘सगळ्याला हो म्हणा’ असं सांगितलं असेल, तर तिथे ‘नाही’ असण्याची शक्यता मोठी. मग ज्या विम्यासाठी पैसे भरताय, तोच दाव्याच्या वेळी वादात सापडेल. गृहकर्जाचे १४ लाख फिटायचे आहेत आणि मुलाची दोन वर्षं बाकी आहेत, तर साठीपर्यंतचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) घ्या, रक्तदाब लिहून घ्या. हप्ता थोडा चढा लागेल, तरी दोन लाखांच्या कितीतरी आत.

आता ट्रेक. लोन का नको, तेही आकड्यांत सांगतो. नऊ लाख, साडेबारा टक्के, तीन वर्षं : हप्ता तीस हजार, व्याज एक लाख चौऱ्याऐंशी हजार. एफडी मोडलीत आणि तोच तीस हजारांचा हप्ता स्वतःच्या आरडीत सात टक्क्यांनी भरलात, तर तीन वर्षांनी बारा लाख. एफडीतले नऊ लाख तसेच ठेवून लोन फेडलंत, तर अकरा. मधला लाखभर बँकेचा, म्हणून बँकेला तुमची एफडी इतकी प्रिय. मुदतीआधी मोडल्याचा दंड व्याजदरात सहसा अर्धा ते एक टक्का असतो, तो सोसा. आणि पुढच्या वेळी बारा लाखांची एकच एफडी करू नका, दोन-दोन लाखांच्या सहा करा.

पण साडेनऊ लाख लागतातच का? माझा ढोबळ हिशोब, डॉलर नव्वद रुपये धरून : मुंबई ते लिमा जाऊन-येऊन विमान दीड लाख ते एक साठ. चार दिवसांचा ट्रेक, परवाना, गाईड, तंबू, जेवण, माचू पिक्चूचं तिकीट हे सगळं धरून ट्रेकच्या जवळच्या कुस्को शहरातले नोंदणीकृत ऑपरेटर सातशे ते नऊशे डॉलर घेतात, म्हणजे पाऊण लाख. लिमा-कुस्को विमान, राहणं, खाणं साठ हजार. व्हिसा, विमा, बक्षिशी, किरकोळ तीस हजार. माणशी सव्वातीन. दोघांचे साडेसहा, सात धरा. उरलेले अडीच लाख मराठी टूर लीडर आणि डब्यातल्या थेपल्यांचे. ती सोय हवी असेल तर खुशाल घ्या, पण किंमत माहीत असू द्या. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यातही थोडं वाचेल. पॅकेजवर एजंट टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) घेईल, तो मात्र खर्च नाही. विवरणपत्रात तुमच्या करात वळता होतो.

‘परवाने संपतात’ हे एजंट खोटं बोलत नाही. या वाटेवर दिवसाला पाचशेच माणसं सोडतात आणि त्यात गाईड व हमालही धरलेले, म्हणजे पर्यटक दोनशेच्या आसपास. स्वतःहून जाता येत नाही, परवानाधारक ऑपरेटरबरोबरच जावं लागतं. मे म्हणजे तिकडचा कोरडा हंगाम सुरू झालेला, गर्दी असणारच. (फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंदच असते. शाळेची सुट्टी इथे तुमच्या बाजूने आहे.) पण पुढच्या वर्षाचे परवाने सहसा ऑक्टोबरच्या सुमारास खुले होतात. आज जुलैत पावणेपाच लाख देऊन तुम्ही परवाना विकत घेत नाही, एजंटला बिनव्याजी पैसे वापरायला देता. फार तर माणशी पंचवीस हजार द्या, बाकी परवान्याची प्रत हातात आल्यावर. परवाना पासपोर्ट क्रमांकावर निघतो, नाव बदलून दुसऱ्याला देता येत नाही आणि पैसे परत नाहीत. म्हणून आधी दोघांच्या पासपोर्टची मुदत बघा.

एजंटकडून लेखी घ्या की ट्रेक किलोमीटर ८२ पासूनचा, चार दिवसांचा, ४३ किलोमीटरचा आहे. कुस्कोहून जाणाऱ्या रेल्वेच्या किलोमीटरच्या खुणांवरून ही नावं पडलीत. किलोमीटर १०४ पासूनची एका दिवसाची चालही ‘इंका ट्रेल’ म्हणूनच विकतात. ती वाईट नाही, पण तिच्यात ४,२१५ मीटरची वार्मिवान्युस्का खिंड नाही, रुंकुराकाय आणि सायाकमार्का हे वाटेवरचे अवशेषही नाहीत.

खिंडीवरून आठवलं. कळसूबाई १,६४६ मीटर. तुमचे पाय तयार आहेत, फुप्फुसांनी ही उंची पाहिलेली नाही. कुस्कोच ३,४०० मीटरवर आहे आणि पॅकेजमध्ये तिथे एकच रात्र दिलीय. दोन रात्री वाढवा, दोघांचे वीस हजार जातील. ते वाचवायला गेलात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून मागे फिरलात, तर सगळाच खर्च पाण्यात. गोळी चालू आहे तेव्हा जाण्याआधी यजमानांना डॉक्टरांना दाखवा. प्रवास विमा घेताना ‘साडेचार हजार मीटरपर्यंत ट्रेकिंग’ आणि रक्तदाब, दोन्ही लिहून घ्या. पॅकेजबरोबर फुकट मिळणाऱ्या विम्यात सहसा दोन्ही नसतं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. पेरूहून परतताना तिचं प्रमाणपत्र आपल्याच विमानतळावर मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात.

कुस्कोत घासाघीस करून चारशे डॉलरचा ऑपरेटर शोधू नका. तंबू, गॅस, भांडी क्वेचुआ हमालांच्या पाठीवर असतात. कायद्याने ओझ्याला वीस किलोंची मर्यादा आहे, आणि स्वस्ताई आधी त्यांच्या पाठीवर आणि मजुरीवर निघते.

पैसे असे उभे करा. विम्याचे परत येणारे दोन लाख थेट बचत खात्यात, त्यांना ट्रेकसाठी हात लावायचा नाही. स्मॉलकॅपमधले तीन लाख आजच काढा. दहा महिन्यांत तीनाचे चार म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात, आणि दहा महिन्यांत तीनाचे सव्वादोनही होतात. तारीख ठरलेला खर्च शेअर बाजारात ठेवत नाहीत. पुढचे दहा महिने महिना बारा हजार बाजूला टाकलेत की सव्वा लाखाच्या जवळ. राहिले पावणेतीन, ते एफडीतून. नऊ लाखांहून थोडे जास्त शिल्लक राहतात, त्यांची नवी एफडी करा. दुसऱ्या बँकेत केलीत तर अधिक बरं.

अर्जाच्या पोचीवर शिक्का पडला की तिचा फोटो मला पाठवा. एजंटला होकार त्यानंतर.