अमेरिकेत पंपावर ८७, ८९ आणि ९३ ऑक्टेनचं पेट्रोल एकाच नळीतून येतं. मग मी ९३ चे पैसे देऊन आधीच्या माणसाचं ८७ भरतोय का?

हो, सुरुवातीचं थोडंसं भरताय. पण तुमच्या गाडीला त्याचा पत्ताही लागणार नाही. गाडी सोडून दुसरं काही भरायचं असेल तर मात्र उत्तर बदलतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणताय की पुण्याहून डॅलसला येऊन दोन महिने झाले, जुनी टर्बो गाडी घेतली, टाकीच्या झाकणाजवळ प्रीमियम (म्हणजे ९३) भरा असं लिहिलंय आणि पंपावर बटणं तीन, नळी एक. मी शिकागोजवळ राहतो आणि कित्येक वर्षं पेट्रोल भरूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. तो पाडला बाबांनी. ते सांगलीहून आले होते. आपल्याकडे पंपावरचा पोरगा "साहेब, झिरो बघा" म्हणतो, आपण बघतो आणि निर्धास्त होतो. बाबांनी इथेही सवयीने शून्य बघितलं, मग नळीकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, ह्या नळीत आधीच्याचं पेट्रोल असणारच की. ते कुणाच्या गाडीत जाणार?"

मुद्दा बिनतोड होता. बागेतल्या पाइपाचा नळ मुळाशी असतो, नळ बंद करून पाइप खाली टाकला की पाणी गळून जातं. पंपाच्या नळीची तोटी टोकाला, नोझलमध्ये असते. भरून झालं की नोझलची झडप मिटते आणि मागची सगळी नळी गच्च भरलेलीच राहते. मीटर आत, पंपाच्या डब्यात. कुठलं पेट्रोल सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपाही तिथेच. म्हणजे तुम्ही बटण दाबता तेव्हा निवड होते ती नळीच्या अलीकडे. पलीकडे जे उभं आहे ते आधी तुमच्या टाकीत येतं. माप पूर्ण मिळतं, कारण शेवटी तुमचं तेवढंच ९३ नळीत मागे राहतं. ते पुढच्याला. नकळत घडणारा दानधर्म म्हणा.

नळीत मावतं किती? त्या दिवशी टाकी भरेपर्यंत बाबांनी वितीने नळी मोजली, साधारण दहा फूट. शेजारच्या पंपावरची बाई आमच्याकडे बघत होती, ते असो. आतला व्यास पाऊण इंच धरला तर दहा फुटांत सुमारे ०.२३ गॅलन बसतं, म्हणजे पाण्याच्या लिटरच्या बाटलीपेक्षा थोडं कमी. पंपाच्या डब्यातल्या पाइपाचा शेवटचा तुकडा धरून आपण ढोबळ एक तृतीयांश गॅलन म्हणू, सगळं वाईटात वाईट धरून.

आता तुमची गाडी. एका वेळी १३ गॅलन भरलंत आणि त्यातलं एक तृतीयांश गॅलन ८७ निघालं तर सरासरी येते ९२.८५. एवढ्याने टर्बो गाडीला काही होत नाही. हल्लीच्या इंजिनांत ठोका (कमी ऑक्टेनचं पेट्रोल आपोआप पेटून होणारी खटखट) ओळखणारा सेन्सर असतो, तो याहून बराच मोठा फरक पडला तरी ठिणगीची वेळ मागेपुढे करून सांभाळून घेतो. पैशाचं म्हणाल तर दोन दर्जांत गॅलनमागे डॉलरभर फरक धरला तरी नुकसान ३३ सेंट. तेही आधीचा ८७ वाला असेल तर. तो ९३ वाला असेल तर काहीच नाही.

खरा घोटाळा नळीत नाही, बटणांत आहे. बटणांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. मी एकदा घाईत डावीकडचं पहिलं बटण ८७ चं समजून दाबलं, तिथे ते ९३ निघालं. कळलं ते बिल बघून. तुमच्या बाबतीत उलटं होईल आणि टाकीभर ८७ जाईल. नळीतल्या लिटरभर पेट्रोलाची काळजी करण्यापेक्षा पिवळ्या स्टिकरवरचा आकडा नीट वाचून बटण दाबा.

आणि ८९ चं कुतूहल असेल तर सांगतो, बहुतेक पंपांवर त्याची वेगळी टाकी जमिनीखाली नसतेच. दोन भाग ८७ आणि एक भाग ९३ मिसळलं की ८९ तयार, आणि ही मिसळ पंपाच्या डब्यात तिथल्या तिथे होते. पुण्यात ९१ साधं असायचं आणि इथे ८७ साधं, म्हणून इथलं पेट्रोल हलकं असंही समजू नका. भारतातला आकडा आरओएनचा, ती ऑक्टेन मोजायची एक पद्धत. इथला आकडा आरओएन आणि एमओएन (मोजायची दुसरी पद्धत) यांची सरासरी असते, त्यामुळे तो चार-पाचने लहान दिसतो. माल साधारण तोच.

आता जिथे नळी खरंच नडते तिकडे येतो. माझी मोटारसायकल आहे. तिच्यात मी एका वेळी तीन गॅलनसुद्धा भरत नाही. तीन धरले तरी ९३ चं ९२.३ होतं, त्याचंही काही नाही. पण घरी न्यायच्या सुट्या डब्यात एकच गॅलन घेतलंत तर ९३ चं थेट ९१ होतं. आणि गवत कापायच्या मशीनसाठी पाव गॅलनची बाटली घेऊन गेलात तर तुम्ही काय दाबलंय याला अर्थच नाही, आधीच्याने जे भरलं तेच तुम्ही घरी नेता.

ऑक्टेनपुरतं हे चालून जातं. इथेनॉलचं तसं नाही. आमच्या मिडवेस्टात बऱ्याच पंपांवर ८८ असं बटण दिसतं. आकडा ८७ पेक्षा मोठा आणि बहुतेकदा दर कमी, म्हणून नवखा माणूस खूश होऊन तेच दाबतो. ते असतं ई१५, म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल; साध्यात १० टक्क्यांपर्यंत असतं. २००१ किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या गाड्यांना ई१५ चालतं. मोटारसायकल, बोट, गवत कापायचं मशीन, करवत यांना मनाई आहे. केशरी-निळ्या स्टिकरवर तसं छापलेलंच असतं. आता हे ई१५ आणि साधं ई१० एकाच नळीतून देणारे पंप आहेत. तुमच्या आधी कुणी ८८ भरून गेला आणि तुम्ही करवतीसाठी पाव गॅलन ८७ घेतलंत, तर हातात येईल बहुतेक सगळं ई१५.

ही शंका माझ्या एकट्याची नाही. इथल्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, २०१२ मध्ये अशा सामाईक नळीच्या पंपांसाठी किमान चार गॅलन घेण्याची अट मान्य केली होती, नळीतलं उरलेलं त्यात विरघळून जावं म्हणून. हिशेब बरोबर आहे, चार गॅलनांत एक तृतीयांश ई१५ आलं तर इथेनॉल १० वरून जेमतेम १०.४ टक्के होतं. पण मोटारसायकलवाले भडकले. ज्यांच्या टाकीत चार गॅलन मावतच नाहीत त्यांनी काय करायचं? मग ई१० साठी स्वतंत्र नळी ठेवण्याचाही पर्याय निघाला. मला विचाराल तर पहिल्यापासून तेच करायला हवं होतं.

मी स्वतः काय करतो, तर डबा न्यायचा असेल तेव्हा गाडीही बरोबर नेतो. आधी गाडीत ८७ भरतो आणि नोझल परत न अडकवता तेच डब्यात लावतो. तोवर नळीत माझंच पेट्रोल असतं. डबा मात्र डिकीत ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा. स्थिर विजेची ठिणगी पडली तर ऑक्टेन विचारायला कुणी उरत नाही. काही पंपांवर बिनइथेनॉलचं पेट्रोल बहुधा वेगळ्या नळीने मिळतं. महाग असतं, पण मशीन हिवाळाभर गॅरेजमध्ये पडून राहणार असेल तर ते घेणं परवडतं. डिझेलची नळी वेगळी असते आणि नोझल जाड, पण हिरवी मूठ म्हणजे डिझेल असं धरून चालू नका. काही कंपन्यांच्या पेट्रोलच्या मुठीही हिरव्या असतात.

बाबांचं समाधान या हिशेबाने झालं नाही. पुढच्या वेळी पंपावर गेलो तर ते माझ्याआधी उतरले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. पडद्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचे आकडे अजून होते: ४१ डॉलर २८ सेंट, ९.६ गॅलन. बोटांवर काहीतरी पुटपुटले आणि मला हाक मारली, "चार-तीसचा दर पडतो. म्हणजे आधीचा प्रीमियमवाला होता. लाव गाडी इथेच."