वेगवेगळ्या वस्त्यांमधील मुलांकडून सार्वजनिक भिंत रंगवून घ्यायची असेल, तर परवानगी, रंग आणि कामाची वाटणी कशी करावी?

परवानगी आणि रंग यांविषयी थोडक्यात लिहिते. वाटणीवरून मात्र एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझा वाद 2012 पासून मिटलेला नाही, त्यामुळे तिथे उत्तर लांबेल.

भिंत ज्याच्या मालकीची आहे त्याचे लेखी पत्र घ्यावे. नगरसेवकाच्या तोंडी होकारावर ब्रश उचलू नये. रंग बाहेरच्या भिंतींसाठीचे इमल्शनच असावे आणि दोन हातांसाठी लिटरमागे साधारण 50 ते 60 चौरस फूट धरावेत. भिंतीवर जुना चुना असेल तर तो खरवडल्याशिवाय प्रायमर लावू नये, नाहीतर सगळे चित्र पोपड्यांसह खाली येते.

आता वाटणी. मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका मैदानाची 90 फूट लांब भिंत आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत रंगवायला घेतली होती. मैदानाच्या एका अंगाला जुन्या चाळी होत्या आणि त्यांत बहुतेक कोकणातली कुटुंबे; दुसऱ्या अंगाला टेकडीवर चढत गेलेली वस्ती, जिथे उत्तर प्रदेशातून आलेली मुसलमान आणि मराठवाड्यातून आलेली बौद्ध कुटुंबे राहत. मुले मिसळली की भांडतील, असे सांगून सहकाऱ्यांनी भिंतीचे सरळ 45-45 फुटांचे दोन भाग केले. देणगी त्यांच्या ओळखीने आलेली असल्यामुळे माझा विरोध फारसा टिकला नाही. चित्र एकच होते : टेकडीवरून निघून खाडीला मिळणारी नदी आणि शेवटी फ्लेमिंगो.

तिसऱ्या दिवशी वस्तीच्या बाजूचा निळा रंग संपला. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी रिकामा डबा घेऊन पलीकडे मागायला गेली, तेव्हा त्यांच्याकडे अर्धा डबा शिल्लक असूनही "हा आमचा आहे" एवढेच उत्तर तिला मिळाले. ती काही न बोलता परतली, डब्याच्या तळाशी चिकटलेल्या रंगात नळाचे पाणी ओतले आणि त्यावर उरलेली नदी पुरी केली. इतके पाणी घातलेल्या इमल्शनमध्ये रंग धरून ठेवणारा चिकटपणा उरत नाही. ऑगस्टपर्यंत तिच्या बाजूची नदी बोट लावताच पिठासारखी हाताला येऊ लागली, आणि चाळीकडची तशीच गडद राहिली. जिथे रंग बदलत होता त्या जागेला दोन्हीकडची मुले "बॉर्डर" म्हणू लागली. पुढे रिक्षावाल्यांनाही तोच पत्ता सांगितला जाई.

सहकारी आजही म्हणतात की त्यांच्या पद्धतीमुळे भांडण झाले नाही. झाले नाही हे खरे आहे. दोन्हीकडची मुले आठ दिवस एकमेकांशी बोललीच नाहीत, तर भांडतील कशी?

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये भित्तिचित्रकार ज्युडी बाका यांनी पुराच्या पाण्याच्या काँक्रीट कालव्यावर 1976 साली सुरू केलेली भिंतही पहिल्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या कलावंतांनी आपापले तुकडे घेऊन केली होती. नंतर त्यांनी पूर्ण आराखडा एकसंध केला आणि 1983 पर्यंत निरनिराळ्या समाजांतील चारशेहून अधिक मुलांच्या हातून 2,754 फूट काम झाले. म्हणून माझे स्पष्ट मत असे की भिंत वस्तीप्रमाणे वाटू नये, काम वाटावे : खरवडणारी, चौकटी आखणारी आणि रंग कालवणारी अशा तीन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येकीत दोन्हीकडची मुले असावीत.

बाकांच्या मुलांना कामाचा मोबदला मिळत होता, आपल्याकडे वडापाववर भागवतात, हा फरक मात्र मान्य करायला हवा. शिवाय मिश्र तुकड्यांत पहिले दोन दिवस कुरबुर होईलच, त्यासाठी दोन्ही बाजूंच्या एकेका आईला तिथे बसवावे. आणि नदीचा निळा रंग एकाच बादलीत, एकाच वेळी, सगळ्यांसमोर कालवावा.